शंभरात तीनशे नऊ

शेकडेवारी शिकवताना आपण मुलांना सुरुवातीलाच एक गोष्ट बजावून सांगतो. एका वस्तूचे कितीही वाटे करा, सर्व वाट्यांच्या टक्क्यांची बेरीज शंभरच आली पाहिजे. ती शंभराच्या पुढे गेली तर कुठेतरी चुकले आहे. आता पुढचे उदाहरण पाहा.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि त्यांचे सहकारी यांनी ११ देशांतील लोकांना दुसऱ्या महायुद्धाविषयी काही प्रश्न विचारले. हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. ११ पैकी ८ देश त्या युद्धात दोस्त राष्ट्रांच्या बाजूने लढलेले होते. त्यांच्या नागरिकांना एक प्रश्न असा होता : युद्ध जिंकण्यात तुमच्या देशाचा वाटा किती टक्के? रशियन लोकांच्या उत्तरांची सरासरी आली ७५. अमेरिकनांची ५४, ब्रिटिशांची ५१. या तिघांचीच बेरीज १८० होते. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, चीन, फ्रान्स आणि न्यूझीलंड यांचे आकडे त्यात मिळवले की बेरीज ३०९ वर जाते.

कोणी म्हणेल, देशाभिमान आहे, माणसे फुगवून सांगणारच. पण हे उत्तर फार चटकन दिलेले आहे. रशियाचा दावा निव्वळ बढाई म्हणून सोडून देता येत नाही. त्या युद्धात सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसे मेली, आणि जर्मन सैन्याची सर्वाधिक हानी पूर्व आघाडीवरच झाली. म्हणजे कोणीतरी उघड खोटे बोलत होते असे नाही. प्रत्येकजण आपल्याला जे आठवते त्यावरून प्रामाणिकपणे हिशेब करीत होता. मग तीनशे नऊ आले कुठून?

केर कोण काढते?

याचे उत्तर शोधण्यासाठी रणांगणावरून स्वयंपाकघरात येऊ. १९७९ साली मायकेल रॉस आणि फिओर सिकोली या कॅनडातील दोन संशोधकांनी ३७ जोडप्यांची पाहणी केली. नवरा आणि बायको यांना वेगवेगळे बसवून घरातल्या २० गोष्टींबद्दल विचारले : न्याहारी करणे, भांडी घासणे, कचरा बाहेर टाकणे वगैरे. प्रत्येक गोष्टीत तुमचा वाटा किती? २० पैकी १६ बाबतींत दोघांच्या वाट्यांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली.

इथवरचे ऐकून कोणी चकित होणार नाही. मौज पुढे आहे. त्या यादीत ‘भांडण उकरून काढणे’ यासारख्या गोष्टीही होत्या, आणि तिथेही माणसे आपला वाटा जास्तच सांगत होती! हा केवळ स्वतःला चांगले म्हणवून घेण्याचा सोस असता, तर अशा ठिकाणी बेरीज शंभराच्या खाली यायला हवी होती. संशोधकांनी मग त्यांना प्रत्येक गोष्टीची उदाहरणे द्यायला सांगितले. जो तो स्वतःची उदाहरणे जास्त देत होता. आपण भांडी घासली ती वेळ आपल्याला आठवते, कारण आपले हात पाण्यात होते. दुसऱ्याने घासली तेव्हा आपण कदाचित तिथे नव्हतोच.

आठवणींतून उत्तर काढताना मेंदू सगळी नोंद चाळत नाही. जी उदाहरणे चटकन हाताशी येतात त्यांनाच तो नमुना धरतो. विज्ञानाच्या शिक्षकाला हे वेगळे सांगायला नको की नमुना एकांगी असेल तर गणित कितीही बिनचूक केले तरी उत्तर चुकीचेच येते.

आता राष्ट्राकडे वळा. महायुद्धात आपण कोणीच नव्हतो. त्याची जी उदाहरणे आपल्या ‘हाताशी’ आहेत ती पाठ्यपुस्तकाने, चित्रपटाने, गावातल्या स्मारकाने ठेवलेली आहेत. प्रत्येक देशाचे पुस्तक आपल्याच देशाच्या उदाहरणांनी भरलेले असते. याच गटाच्या दुसऱ्या एका अभ्यासात (२०१८) ३५ देशांतील सहा हजारांवर विद्यार्थ्यांना विचारले होते की जगाच्या इतिहासात तुमच्या देशाचे योगदान किती टक्के? स्वित्झर्लंडच्या विद्यार्थ्यांनी सरासरी ११ टक्के सांगितले. रशियाचे ६१ च्या आसपास, ब्रिटनचे ५५ आणि भारताचे ५४. पस्तीस देशांची बेरीज एक हजाराच्याही पुढे गेली, आणि जगातले उरलेले दीडशेहून अधिक देश तर अजून मोजायचेच होते.

आपला ५४ हा आकडा वाचून मी सहकाऱ्यांबरोबर चहा पिताना बराच हसलो. मग एकाने मलाच विचारले, “तू किती लिहिले असतेस?” मी जरा वेळ विचार करून ‘पंचवीस’ म्हणालो. पंचवीस टक्केसुद्धा चार देशांत जग संपवून टाकतात, हे नंतर ध्यानात आले.

कोठार की कारखाना

स्मृती म्हणजे धान्याचे कोठार, त्यात ठेवलेले दाणे हवे तेव्हा काढावे, फार तर काहींना कीड लागलेली असेल. अशी आपली समजूत असते. ही समजूत मोडण्याचे मोठे श्रेय केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेट यांना जाते. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात एक प्रयोग आहे. त्यांनी इंग्रज विद्यार्थ्यांना उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक लोककथा वाचायला दिली. दोन तरुण सील मारायला नदीवर जातात, होड्यांतून योद्धे येतात, एक तरुण त्यांच्याबरोबर लढाईला जातो, ते योद्धे भुते असतात, आणि घरी परतलेला तरुण सूर्योदयाला मरून पडतो, तेव्हा त्याच्या तोंडातून काहीतरी काळे बाहेर येते. कथेतला कार्यकारणभाव इंग्रज वाचकाला अनोळखी होता.

काही काळाने विद्यार्थ्यांना ती कथा आठवून लिहायला सांगितली. कथा आखूड झाली, यात नवल नव्हते. पण ती बदलली कशी ते महत्त्वाचे. कथेतल्या ‘कनू’ होड्यांच्या साध्या नावा झाल्या. सीलची शिकार जाऊन मासेमारी आली. भुते बहुधा गळालीच, आणि तोंडातून आलेल्या काळ्या वस्तूचा कोणी फेस केला. म्हणजे कथा इंग्रज झाली. वाचकाच्या मनात गोष्ट कशी असावी याची जी चौकट आधीपासून होती, तिच्यात बसेल ते उरले. जिथे भोक पडले तिथे चौकटीनेच ठिगळ लावले. लावणाऱ्याला मात्र ते ठिगळ दिसत नाही. त्याला ती आठवणच वाटते.

बार्टलेट यांनी कानगोष्टींच्या खेळासारखाही प्रयोग केला : एकाने लिहिलेले दुसऱ्याला, दुसऱ्याचे तिसऱ्याला. तिथे हे बदल आणखी वेगाने झाले. या साखळीकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

साधारण त्याच सुमारास, १९२५ साली, मोरिस हाल्बवाक्स या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने वेगळ्या वाटेने जाऊन असे मांडले की या चौकटी एकट्या माणसाच्या नसतातच. त्या कुटुंब, धर्म, वर्ग यांच्याकडून मिळतात. आपण आठवतो ते कोणाच्या तरी सोबतीने. ‘सामूहिक स्मृती’ हा शब्द आज ज्या अर्थाने रूढ आहे त्यामागे त्यांचे काम आहे. त्याच विषयावरचे त्यांचे पुढचे लेखन अपुरे राहिले. १९४५ च्या मार्चमध्ये बुखेनवाल्ड येथील नाझी छळछावणीत त्यांचा अंत झाला.

रँड होता म्हणून प्लेग आठवतो

राष्ट्रांच्याही अशा चौकटी असतात का? जेम्स वर्च हे रोडिगर यांच्याच विद्यापीठातले अभ्यासक. रशियातील पाठ्यपुस्तके आणि विद्यार्थ्यांची उत्तरे अभ्यासून ते म्हणतात की तिथे एकच कथासाचा पुन्हापुन्हा दिसतो : देश शांततेत आहे, परकीय शत्रू विनाकारण चालून येतो, सर्वनाश होण्याची वेळ येते, आणि रशियन जनता एकटीच्या बळावर त्याला हाकलून देते. नेपोलियन १८१२ साली आला, हिटलर १९४१ साली. नावे बदलतात, साचा तोच. म्हणून रशियात त्या युद्धाची आठवण २२ जून १९४१ पासून सुरू होते. त्याआधी, सप्टेंबर १९३९ मध्ये, हिटलरशी झालेल्या करारानुसार सोव्हिएत फौजाही पोलंडमध्ये शिरल्या होत्या. ही घटना पुस्तकांत सापडते. पण साच्यात तिला जागा नाही, म्हणून ती मनात टिकत नाही.

दुसऱ्याचा साचा लगेच दिसतो. आपला पाहायचा तर थोडी खटपट करावी लागते. मी एक उदाहरण देतो.

पुण्यातील १८९७ चा प्लेग आपल्या मुलांना माहीत असतो. पण त्यांना नेमके काय माहीत असते? रँडचा जुलूम, २२ जून १८९७ ची रात्र, गणेशखिंडीचा रस्ता, चापेकर बंधू, त्यांची फाशी. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या, हेही बहुतेकांना ठाऊक असते. प्लेग मात्र १८९७ बरोबर संपला नाही. तो पुढे कित्येक वर्षे देशभर फिरत राहिला आणि त्याने लाखोंनी माणसे नेली. तो पुढचा प्लेग आपल्याला आठवत नाही, कारण त्यात रँड नव्हता.

आता १९१८ घ्या. त्या वर्षीच्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झाची साथ मुंबईत पोचली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिने भयंकर रूप घेतले. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे दगावली. साऱ्या हिंदुस्थानात मिळून किती, याचे अंदाज सव्वा कोटीच्या आसपासपासून वर जातात. १९११ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे २५ कोटी २१ लाख होती, १९२१ मध्ये २५ कोटी १३ लाख. जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या घटलेले हे एकमेव दशक. आपल्यापैकी बहुतेकांच्या घराण्यात त्या दोन महिन्यांत कोणी ना कोणी गेले असणार. पण त्याचे स्मारक कुठे आहे? गोष्ट कोणी सांगितली? २०२० साली कोविड आला तेव्हा वर्तमानपत्रांनी १९१८ पुन्हा शोधून काढले, त्याआधी शंभर वर्षे ही एवढी मोठी घटना जवळजवळ निःशब्द पडून होती. तिच्यात खलनायक नाही, हुतात्मा नाही, प्रतिकार नाही. अन्याय, बंड, बलिदान हा आपला कथासाचा. विषाणू त्यात कसा बसवणार?

दुसऱ्या महायुद्धाचेही तसेच. रोडिगर यांच्या अकरा देशांत भारत नव्हता, पण त्या युद्धात भारतीय सैन्याची संख्या २५ लाखांवर गेली होती. आपल्या पुस्तकात १९४२ ते १९४५ या वर्षांत ‘छोडो भारत’ आणि आझाद हिंद सेना आहे. असायलाच हवी. पण इटलीत लढताना मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे (१९४४) आणि नामदेव जाधव (१९४५) या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता, घाडगे यांना मरणोत्तर, हे किती वर्गांत माहीत असते? इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या आपल्याच लाखो माणसांचे काय करायचे, ते साच्याला उमगत नाही.

कालचा मी

आणखी एक यंत्रणा आहे, आणि शिक्षकांना ती विशेष ओळखीची वाटेल. मायकेल कॉनवे आणि मायकेल रॉस (घरकामाच्या प्रयोगातले तेच) यांनी १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अभ्यास कसा करावा हे शिकवणारा एक वर्ग होता. नाव नोंदवणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून लगेच प्रवेश दिला, काहींना प्रतीक्षायादीत ठेवले. आरंभी सर्वांनी आपापले अभ्यासकौशल्य किती आहे ते अंकांत लिहून दिले होते. तीन आठवड्यांनी त्यांना विचारले, तेव्हा तुम्ही काय लिहिले होते ते आठवून सांगा. प्रतीक्षायादीतल्यांनी साधारण बरोबर सांगितले. वर्गाला बसलेल्यांनी मात्र आपण आधी खूप कमी अंक लिहिले होते असे सांगितले. वर्गाचा परीक्षेतील गुणांवर तर काही परिणाम झाला नव्हता! सुधारणा झाली असे वाटायला हवे होते. आज उंचावत नव्हता, म्हणून त्यांनी काल खाली ओढला.

पुढे ॲन विल्सन आणि रॉस यांनी हा धागा लांबवला. आपण आपल्या ‘कालच्या मी’कडे जवळजवळ परक्या माणसासारखे पाहतो, आणि तो किती जवळचा वाटावा हेही सोयीने ठरवतो. चांगले गुण मिळालेली परीक्षा ‘परवाची’ वाटते. वाईट गुणांची परीक्षा तितक्याच महिन्यांपूर्वीची असूनही फार मागे गेल्यासारखी वाटते. दिनदर्शिकेवरचे अंतर एक, मनातले दुसरे.

विल्सन यांच्या गटाने २०१० मध्ये हेच राष्ट्राबाबत तपासले. ज्यूंच्या संहाराबद्दल वाचताना, हे कृत्य जर्मनांनी केले या गोष्टीवर भर असला की जर्मन वाचकांना ती घटना काळाने अधिक दूरची वाटे. कॅनडातील वाचकांना तसे होत नसे. उलट, घटना जवळची भासेल अशी मांडणी केली तेव्हा जर्मनांना अपराधाची जाणीव अधिक झाली, आणि भरपाई करण्याची तयारीही.

हे वाचल्यावर मी आपल्या भाषेकडे कान देऊन ऐकू लागलो. एकाच भाषणात, कधी एकाच उत्तरपत्रिकेत, दोन तऱ्हेची वाक्ये येतात. “आपण जगाला शून्य दिले.” आणि “पूर्वी अस्पृश्यता पाळली जात असे.” पहिल्या वाक्यात दीड हजार वर्षांपूर्वीचे गणिती ‘आपण’ आहोत. दुसऱ्या वाक्यात शंभर वर्षांपूर्वीची माणसे कोणीच नाहीत. कर्ताच नाही! अस्पृश्यता आपोआप पाळली जात असे, जसा पाऊस पडत असे. व्याकरणात याला कर्मणी प्रयोग म्हणतात. इथे तो फार मोठे काम बजावतो.

महाडचेच पाहा. २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले, हे आपल्याला आठवते आणि आता आपण त्याचा अभिमानही बाळगतो. वास्तविक सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्येच केला होता, आणि महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले जाहीर केले होते. तरी पाणी भरू दिले जात नव्हते. (पाहा, माझ्याही लेखणीतून कर्मणी प्रयोगच उतरला. भरू कोण देत नव्हते? गावातले सवर्ण.) पाणी घेतल्यावर परिषदेला आलेल्यांना त्यांनीच मारहाण केली, आणि मग शेण-गोमूत्र मिसळलेल्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. सत्याग्रह ठळक आठवतो, घागरी पुसट. सत्याग्रह करणारे आपण. घागरी ओतणारे कोण? वर्गात बसलेल्या काही मुलांचे पणजोबा तळ्यावर गेलेल्यांत असतील, काहींचे त्यांना अडवणाऱ्यांत. “पाळली जात असे” हे वाक्य या दोघांना सारखे ऐकू येत नाही.

नातवंडांचे आजोबा

बार्टलेटच्या साखळीकडे परत येऊ. हाराल्ड वेल्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४० जर्मन कुटुंबांत आजी-आजोबा, त्यांची मुले आणि नातवंडे अशा तीन पिढ्यांच्या मुलाखती घेतल्या. पुस्तक २००२ साली निघाले. त्यातली एक हकीकत अशी. बेर्गेन-बेल्झन छावणीच्या परिसरातली एक अतिवृद्ध बाई. युद्ध संपल्यावर ब्रिटिश सैन्याने छावणीतून सुटलेल्या लोकांना आसपासच्या घरांत जागा द्यायला लावली. बाई सांगते, ज्यू आणि रशियन आपल्या घरी नकोत म्हणून मी युक्तीने घर आधीच दुसऱ्यांनी भरून टाकले. ती हे मोकळेपणी सांगते. तिचा मुलगा दुसरीच एक गोष्ट सांगतो : जवळच्या एका मळ्याच्या मालकिणीने पळून आलेल्या कैद्यांना लपवले होते. आणि नात? नात सांगते, आमच्या आजीने कैद्याला लपवले होते.

नातीला शाळेत नाझी काळ नीट शिकवलेला होता. जर्मनीत तो कसून शिकवतात. वेल्झर यांचे म्हणणे असे की नेमके म्हणूनच हे घडले. त्या राजवटीचे क्रौर्य जितके पक्के माहीत, तितके आपले प्रेमळ आजी-आजोबा तिच्यात बसवणे अवघड. मग मन त्यांना बाजूला काढून नायकांच्या रांगेत नेऊन उभे करते. इतिहासाचे ज्ञान आणि घरची आठवण एकाच डोक्यात शेजारी राहतात, एकमेकांशी बोलत नाहीत.

हे वाचताना मला हसू येत नव्हते. कारण आमच्या घरातही एक गोष्ट आहे. माझे आजोबा सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक होते. १९४२ साली त्यांनी सरकारी नोकरीवर लाथ मारली, वर्षभर भूमिगत राहिले, आणि स्वातंत्र्य मिळाल्यावर पुन्हा शाळेत रुजू झाले, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. काही वर्षांपूर्वी एका शाळेत १५ ऑगस्टला पाहुणा म्हणून गेलो तेव्हा मीही ते सांगितले. भूमिगत असताना ते रात्री नदी पोहून घरी येत, हेही सांगितले. ते मी कुठे ऐकले होते, आता सांगता येत नाही.

मग जुने घर रिकामे करताना आजोबांची रोजखर्चाची वही सापडली. दर महिन्याला पगार जमा. ऑगस्ट १९४२, सप्टेंबर, ऑक्टोबर, पुढचे वर्षही. एकही महिना चुकलेला नाही. खर्चाच्या बाजूला घासलेट, रॉकेलच्या चिमणीची काच, धाकट्या आत्याचे औषध. त्यांचेच अक्षर. प्रयोगशाळेत मी असा पुरावा पाहिला असता तर क्षणभरही घोटाळलो नसतो. इथे मात्र वही मिटून ठेवली आणि आठ दिवस कोणाला बोललो नाही. काकांना दाखवली, ते आता ऐंशीच्या घरात आहेत, तर म्हणाले, “पगार दुसऱ्या कोणी घेऊन ठेवला असेल रे. त्या वेळी लोक सांभाळून घ्यायचे.” पाहा, चौकटीने ठिगळ लावले. आणि ते ठिगळ अगदीच अशक्य आहे असेही मला सिद्ध करता येत नाही.

यान आसमान या जर्मन अभ्यासकाने म्हटले आहे की तोंडी चालणारी आठवण ८० ते १०० वर्षे, म्हणजे तीन-चार पिढ्या टिकते. त्यापुढे पुस्तके, स्मारके आणि उत्सव उरतात. १९४२ त्या सीमेवर येऊन ठेपले आहे. १९७२ चा दुष्काळ मात्र अजून जिवंत आठवणीत आहे. सुकडी खाल्लेली, रोजगाराच्या कामावर खडी फोडलेली माणसे प्रत्येक गावात आहेत. नववीच्या मुलांना त्यांच्याकडे पाठवून पाहावे. एकाच घरातल्या आजीला, वडिलांना आणि थोरल्या भावंडाला दुष्काळाची एकच हकीकत वेगवेगळी विचारावी, उत्तरे शब्दशः लिहून आणावीत आणि शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. प्रश्न विचारण्याआधी तिघांना एकत्र बसू देऊ नये, एवढे एकच पथ्य.

आमच्याकडे मी हे उशिरा केले. वही दाखवून झाल्यावर घरातल्या एकेकाला स्वतंत्रपणे विचारले : आजोबांनी नोकरी सोडल्याचे तुम्हाला कोणी सांगितले? आईला आत्याने सांगितले होते. आत्या म्हणाली, काकांनी. काका म्हणाले, गावात सगळ्यांनाच माहीत होते. आजोबा १९८९ पर्यंत होते, रोज संध्याकाळी ओसरीवर बसून नातवंडांना गोष्टी सांगत. त्यांच्या तोंडून ही गोष्ट ऐकल्याचे कोणालाच आठवत नाही.